पाण्याखालची कानटोपी

थंड पाण्यात डायव्हिंग करणाऱ्यांना ‘आत काय घातलंय?’ असं विचारलं तर कुणी रागावत नाही. उलट चेन खाली ओढून दाखवतात. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरे गावच्या सॅन कार्लोस बीचच्या वाहनतळावर शनिवारी सकाळी हाच कार्यक्रम चाललेला असतो. एरवी बँकेत, शाळेत, सॉफ्टवेअरमध्ये सभ्यपणे नोकरी करणारी माणसं कमरेपर्यंत काळं रबर चढवून उभी असतात आणि लग्नघरी पैठणीचा पदर चिमटीत धरून बघावा तशी एकमेकांची बाही चिमटीत धरून बघत असतात. “किती मिलिमीटर?” “सात. आत तीनचं व्हेस्ट.” “बाह्यांचं?” “बिनबाह्यांचं, पण हूड जोडलेलं.” मग दोघंही समुद्राकडे बघून गंभीरपणे मान हलवतात.

एवढी चर्चा होते, पण पाणी किती थंड होतं हे मात्र कुणाकडून खरं कळत नाही. नुकत्याच वर आलेल्या माणसाचे ओठ जांभळे पडलेले असतात, बोटांना बक्कल सुटत नसतं, ते दुसऱ्याकडून सोडवून घ्यावं लागतं, आणि तोंडाने ‘मस्त होतं, अजिबात जाणवलं नाही’ असं चालू असतं. थंडी वाजली हे मान्य करणं डायव्हर मंडळींना कमीपणाचं वाटतं. आपलं मराठी माणसांचं बरोबर उलटं. आपण थंडी वाजायच्या आधीच ‘थंडी वाजेल हं’ म्हणून मोकळे होतो. डिसेंबरात पुण्याचा पारा १० वर उतरला की पेपरात शेकोटीचा फोटो येतो आणि पर्वती चढणारे आजोबा मफलरातून फक्त नाक बाहेर ठेवतात. त्यामुळे पाण्यात काय घालावं या विषयावर सल्ला घ्यायचा तर तो आपल्या माणसाचा घ्यावा, या मताची मी आहे.

कॅलिफोर्नियाचा समुद्र गार असतो हे इथे येऊन पाय बुडवेपर्यंत कुणी सांगत नाही. सिनेमातल्या कॅलिफोर्नियात नेहमी ऊन असतं. मॉन्टरेच्या उपसागरात मात्र पाणी वर्षभर साधारण १० ते १५ अंशांच्या मध्ये असतं, आणि त्यातले सगळ्यात गार महिने कुठले, तर एप्रिल, मे, जून. वसंतात वायव्येचे वारे सुटतात. ते वारे आणि पृथ्वीचं फिरणं मिळून वरचं जरा कोमट झालेलं पाणी किनाऱ्यापासून लांब लोटतात, आणि त्याची जागा भरायला खोलातलं गार पाणी वर येतं. त्याबरोबर खतही वर येतं. म्हणून तर इथे केल्प या समुद्री शैवालाची ताडामाडासारखी उंच जंगलं वाढतात आणि ती बघायला आम्ही सनीव्हेल-फ्रीमाँटची मंडळी पहाटे उठून तास-दीड तास गाडी हाणत येतो. गारठा आहे म्हणूनच बघण्यासारखं काही आहे. तक्रार करायला जागा नाही.

आईला हे पटत नाही. मे महिन्यात तिचा फोन येतो. “पाणी किती आहे गं?” “बावन्न.” इथे राहून जिभेला फॅरनहाइट लागलेलं असतं. “बावन्न! नागपूरला सत्तेचाळीस झालं तर टीव्हीवर दाखवतात!” मग मी ते सेल्सिअसमध्ये ११ होतात असं सांगते. पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू येत नाही आणि मग ठरलेला प्रश्न येतो: “कानाला काही बांधतेस ना?”

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. त्याच्याकडे येणारच आहे, पण त्याआधी तारकर्लीला जाऊन येऊ.

आमच्यातल्या बऱ्याच जणांनी पहिली बुडी मालवण-तारकर्लीच्या समुद्रात मारलेली आहे. तिथलं पाणी २७-२८ अंशांचं. टी-शर्ट आणि अर्धी चड्डी एवढ्यावर माणूस आत उतरतो, किल्ल्याजवळचे रंगीत मासे बघतो आणि वर येऊन सोलकढी पितो. पण तिथेही पाऊण तास पाण्यात राहिलेल्याला विचारा. शेवटी शेवटी दात वाजायला लागतात. काहीही न घालता निवांत पडून राहिलेल्या माणसाला ना थंडी ना ऊब असं वाटायला पाणी ३३-३४ अंशांचं लागतं. त्याच्या खालचं सगळं पाणी, मग ते मालवणचं का असेना, अंगातली उष्णता काढून घेत असतं. हवेपेक्षा पाणी उष्णता सुमारे २५ पट वेगाने वाहून नेतं. म्हणून ११ अंशांची हवा म्हणजे महाबळेश्वरची छान सकाळ आणि ११ अंशांचं पाणी म्हणजे शिक्षा.

या शिक्षेवरचा उतारा याच भागात सापडला हा योगायोग मला फार आवडतो. ह्यू ब्रॅडनर नावाचे भौतिकशास्त्रज्ञ बर्कलीच्या विद्यापीठात होते. अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलेला हा माणूस १९५१-५२च्या सुमारास नौदलाच्या डायव्हरांना ऊब कशी मिळेल याच्या मागे लागला. तोवर सगळ्यांचा प्रयत्न एकच होता, पाणी आत येऊ द्यायचं नाही. रबराचे घट्ट पोशाख शिवायचे, ते कुठेतरी फाटायचे, पाणी शिरायचं आणि माणूस गारठायचा. ब्रॅडनरसाहेबांच्या डोक्यात आलं की शिरेना का पाणी! ऊब काही कोरडेपणातून येत नाही, ती कापडात अडकलेल्या हवेतून येते. मग बुडबुडे भरलेलं रबर, म्हणजे फोमचं निओप्रीन, अंगाला चिकटवलं की झाला वेटसूट. पेटंट काही त्यांना मिळालं नाही. पैसा दुसऱ्यांनी केला. त्यांतले एक जॅक ओ’नील. त्यांनी १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोत लहानसं दुकान टाकलं आणि पुढे ते याच उपसागराच्या उत्तर टोकाला, सांता क्रूझला, येऊन स्थिरावले.

वेटसूटमधलं पाणी अंगाच्या उष्णतेने तापतं आणि तेच आपल्याला गरम ठेवतं, असं अजूनही प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगितलं जातं. हे अर्धवट आहे. पाणी तापतं ते आपल्याच खर्चाने. ते जागचं हललं नाही तर खर्च एकदाच होतो, आणि हलत राहिलं तर पुन्हा पुन्हा. ऊब देणारे असतात ते रबरातले बुडबुडे. पाण्याने फक्त गप्प बसायचं असतं.

हे ब्रॅडनरसाहेबांच्या कितीतरी आधी मॉन्टरेच्या पाणमांजरांना ठाऊक होतं. समुद्रात राहणाऱ्या इतर सस्तन प्राण्यांना कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, या पाणमांजराला तो नाही. त्याच्याकडे केस आहेत. अंगावर दाट जागी एका चौरस इंचात १० लाखांपर्यंत. आपल्या अख्ख्या डोक्यावर चांगले दिवस असताना लाखभर असतात. एवढ्या दाटीत पाणी कातडीपर्यंत पोचतच नाही, हवा अडकून राहते. ती राहावी म्हणून ते दिवसाचे कित्येक तास अंग चाटत, चोळत, केसांत हवा फुंकत बसलेलं असतं. शिवाय आतली भट्टी पेटती ठेवायला रोज आपल्या वजनाच्या जवळजवळ पावपट खातं. पाठीवर उताणं पडून, छातीवर दगड ठेवून, त्यावर शिंपले फोडत निवांत जेवताना ते आमच्याकडे बघतं. त्या नजरेत कीव असते असं मला नेहमी वाटतं. याच केसांपायी माणसांनी त्याला जवळपास संपवलं होतं. १९३८ साली बिग सरच्या किनाऱ्यावर सुमारे ५० जणांचा एक कळप उरलेला दिसला. आज दिसतात ती सगळी त्यांचीच पोरंबाळं.

आपल्याला केस नाहीत, म्हणून आपण दुकानात जातो. आणि दुकानात एकच गोष्ट विकली जाते, जाडी. पाचात थंडी वाजते? सात घ्या. सातात वाजते? वरून आणखी सातचं जॅकेट चढवा, छातीवर चौदा होतील. ऐकायला बरोबर वाटतं. पण बुडबुड्यांचं रबर तरंगतं. जितकं जाड तितकं जास्त तरंगतं. डायव्हरला तर खाली जायचं असतं. मग त्याच दुकानात शिसं विकत मिळतं. जाड सूट घातलेली माणसं इथे कमरेला दहा-बारा किलो शिसं बांधून वाळूतून चालताना दिसतात. पाठीवर सिलिंडर, अंगावर हवा भरायचं जॅकेट, खाली शिसं. पाण्यापर्यंत पोचेतो घामाची आंघोळ झालेली असते.

याहून मोठी गंमत खाली गेल्यावर. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट, आणि रबरातले बुडबुडे त्याच हिशेबाने आक्रसतात. म्हणजे वाहनतळावर ज्याची बाही चिमटीत धरून कौतुक केलं तो सात मिलिमीटरचा सूट, गारठा जिथे सगळ्यात जास्त, तिथेच सगळ्यात पातळ होतो. आणि वर तरंगू नये म्हणून बांधलेलं शिसं मात्र तेवढंच राहतं. ते आता खाली ओढायला लागतं, म्हणून त्या हवेच्या जॅकेटमध्ये हवा भरायची. पैसे देऊन घेतलेली जाडी समुद्राने काढून घेतली, आणि तिच्यासाठी घेतलेलं ओझं आपल्याकडे ठेवलं. विमा कंपनीसुद्धा इतकं कडक वागत नाही.

म्हणून आत आणखी एक थर घालावा का, हा प्रश्न जाडीचा धरू नये. तो थर कुठली भोकं बुजवतो ते बघावं. वेटसूटला पाच भोकं असतात, दोन मनगटं, दोन घोटे आणि एक मान. त्यातलं मानेचं भोक सगळ्यात दुष्ट. खाली वाकून खेकडा बघायला गेलं की मानेपाशी फट पडते आणि गार पाण्याची एक धार पाठीच्या कण्यावरून थेट कमरेपर्यंत जाते. त्या क्षणी रेग्युलेटर तोंडात असल्यामुळे शब्द फुटत नाहीत, ते बरंच आहे. या फटीवर एकच इलाज मी मानते, हूड जोडलेलं व्हेस्ट. बिनबाह्यांचं पातळ बंडीवजा कापड छाती-पोटावर बसतं आणि त्यालाच शिवलेली कानटोपी डोक्यावर चढते. मानेला फटच नाही म्हटल्यावर पाण्याने शिरायचं कुठून?

आता आईचा प्रश्न. थंडी कानातून शिरते हे आपल्याकडे तीन पिढ्यांनी एकमेकींना सांगितलेलं शास्त्र आहे. अमेरिकनांचंही असंच एक होतं: अंगातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते. २००८च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन अमेरिकी डॉक्टरांनी या समजाची हजेरी घेतली. डोकं म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा दहावा हिस्सा, त्यातून साधारण तेवढीच उष्णता जाते, जास्त नाही. मग हा निम्म्याचा आकडा आला कुठून? बहुधा लष्कराच्या एका जुन्या प्रयोगातून. त्यात माणसांना ध्रुवीय थंडीचे जाडजूड पोशाख घालून गारठ्यात उभं केलं होतं आणि डोकी तेवढी उघडी ठेवली होती. दुसरीकडून वाटच नाही म्हटल्यावर उष्णता डोक्यातूनच जाणार.

हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसले. कारण सात मिलिमीटरचा सूट घालून, हूड गाडीत ठेवून पाण्यात उतरणारा डायव्हर नेमका त्याच प्रयोगात उभा असतो! डॉक्टरांचं खरं, आणि आईचंही खरं. सबंध अंग झाकल्यावर कान उघडे ठेवणाऱ्याला थंडी कानातूनच वाजते. हूड घातल्यावर माणूस सोललेल्या बटाट्यासारखा दिसतो, गाल पुढे येतात, दुसऱ्याचं बोलणं अर्धंच ऐकू येतं, हे सगळं मान्य. फोटो बोटीवर हूड काढून काढावेत.

व्हेस्ट घ्यायचं ठरलं तरी ते आणि त्यावरचा सूट अंगात घालणं ही वेगळी विद्या आहे. ओलं निओप्रीन ओल्या अंगावर सरकत नाही, वीतभर वर गेलं की वळकटी होते. यावर जगभरच्या डायव्हरांनी शोधलेला उपाय म्हणजे ब्रेडची रिकामी पिशवी. ती पायात घालायची, पाय सुटाच्या नळीत घालायचा, सर्रकन पलीकडे निघतो. पिशवी काढून दुसऱ्या पायाला. हजार डॉलरचं सामान आणि सगळं अडलेलं पावाच्या पिशवीवर. दोन बुड्यांच्या मधल्या वेळात थर्मासमधलं कोमट पाणी मानेतून आत ओतायचं ही दुसरी विद्या. आधी आत शिरणारं पाणी आपल्या खर्चाने तापवायचं, त्यापेक्षा घरून तापवून आणलेलं काय वाईट? हे पाणी पाठीवरून उतरताना बँकेतल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ते बोनसच्या दिवशीही येत नसावेत.

फुकटात गरम पाणी मिळवायचा आणखी एक मार्ग आहे आणि तो सगळ्यांना माहीत आहे. गार पाण्यात हातापायांतलं रक्त आत ओढलं जातं, मूत्रपिंडांना वाटतं पाणी फार झालं, आणि अर्ध्या तासात निकड लागते. भाड्याचा सूट घेताना हे आठवू नये एवढंच सांगते.

सल्ला विचारावा तर कुणाला, हा तर फारच नाजूक मामला. माझा नवरा पाच मिलिमीटरमध्ये सुखी असतो आणि मी सातात कुडकुडते. तो खात्यापित्या घरचा आहे. ज्या पोटावरून डॉक्टर त्याला दर वर्षी बोलतात, ते पोट मॉन्टरेत प्रथमच कामाला येतं. तो वर येऊन ‘काही थंडी नव्हती’ म्हणतो तेव्हा खोटं बोलत नसतो. त्याचं पाणी आणि माझं पाणी वेगळं असतं इतकंच. म्हणून कुणी ‘मला पाचात भागतं’ म्हणालं तर आधी त्या माणसाकडे नीट बघावं. वजन, वय, पाण्यात वळवळ किती करतो, सकाळी खाऊन आलाय की नुसत्या कॉफीवर, सगळं बघावं, आणि मग मिलिमीटर ऐकावेत.

शरीराला सवय लावून थर वाचवता येतो का? येतो, पण फार महागात. कोरियातल्या जेजू बेटाच्या हेन्यो बायका पिढ्यान्‌पिढ्या श्वास रोखून समुद्रातून शिंपले आणि गोगलगायी काढत आल्या. १९७०च्या दशकापर्यंत त्या हे सगळं साध्या सुती कपड्यांत करायच्या, हिवाळ्यातसुद्धा. थोडा वेळ पाण्यात, की लगेच किनाऱ्यावरच्या दगडी आडोशातल्या शेकोटीपाशी. शरीरशास्त्रज्ञ हाँग सुक-की यांनी १९६०च्या दशकात त्यांचा अभ्यास केला, तेव्हा हिवाळ्यात त्यांच्या शरीरातली भट्टी उन्हाळ्यापेक्षा सुमारे ३० टक्के जास्त पेटते असं आढळलं. पुढे वेटसूट आले आणि काही वर्षांत ही करामत नाहीशी झाली. शरीराने हिशेब केला असावा, रबर आलंय, आता मी कशाला राबू? बायकांनी मात्र सवय गेली म्हणून हळहळण्यात वेळ घालवला नाही. सूट घालून त्या जास्त वेळ पाण्यात राहू लागल्या. २०१६ साली युनेस्कोने त्यांची परंपरा वारसा म्हणून नोंदवली, आणि सत्तरीच्या आज्या आजही निओप्रीन घालूनच उतरतात. थंडी सोसण्यात शौर्य आहे असं मानणाऱ्यांनी आधी त्यांना विचारावं.

ड्रायसूटचं थोडक्यात सांगते, कारण तो वेगळा संसार आहे. त्यात पाणी आत येतच नाही, कपडे घालूनच उतरायचं. पण कुठले कपडे, इथे आपली माणसं हमखास सुती बनियन घालतात. घाम येतो, सूत तो पिऊन घेतं आणि मग तासभर ओलं फडकं अंगाला चिकटून राहतं. आत मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर, त्यावर फ्लीस, सूत अजिबात नको. बॅटरीवर तापणारी व्हेस्टंही निघाली आहेत. ती सुरुवातीला जोरात लावायची आणि वर येताना बंद, असं करू नये. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग केंद्राने २००७ साली दाखवून दिलं, की तळाशी ऊब आणि वर येताना गारठा हा क्रम रक्तातला नायट्रोजन बाहेर पडायच्या दृष्टीने सगळ्यात वाईट. उलटं चाललं तर बरं. म्हणजे बॅटरी वाचवायची ती शेवटासाठी.

हातमोजे पाचचे घ्या, बूट जे बसतील ते घ्या. त्यावर फार डोकं लढवू नका. पण नवा जाड सूट घ्यायच्या आधी हूड असलेलं व्हेस्ट घ्या. आतलं हे एकच कापड पुष्कळांना पुरतं, आणि त्याने कमरेवरचं शिसं एक-दोन किलोच्या वर वाढत नाही. दुकानात ते चढवून खाली वाका, मान डावी-उजवी फिरवा, हात वर करा. काखेत किंवा कंबरेशी पोकळी राहत असेल तर कितीही जाड असलं तरी परत ठेवा. घट्ट वाटलं तर तेच घ्या. श्वास घेता आला पाहिजे, एवढीच अट.